पाटी वाहून गेली

"हॅलो, चेन्नई ना? गाडीचा ड्रायव्हर बोलतोय. नदीला पाणी आलंय... पाटी वाहून गेली... म्हणून आम्ही—" एवढं बोलून फोन मेला.

राघोत्तम रविवारची दाढी अर्धी टाकून हॉलमध्ये उभा राहिला. तमिळमध्ये आजीला पाटी म्हणतात. मुलगी हरिणी जन्मल्यापासून चेन्नईतल्या आवडी भागातल्या त्यांच्या फॅक्टरी-क्वार्टरमध्ये त्याच्या आईला सगळे पाटीच म्हणत, तिच्याविषयी बोलताना तो स्वतःही.

"काय झालं?" बायकोनं, अलमेलूनं, स्वयंपाकघरातून विचारलं.

"पाटी वाहून गेली म्हणून सांगतो."

"अय्यो! आणि हरिणी?"

हरिणीचा फोन बंद होता.

आजी-नात तीन दिवसांपूर्वी सह्याद्रीतल्या एका खोऱ्यात गेल्या होत्या. सात धबधबे, दगडी वेशींची तीन जुनी गावं, आणि त्यांतल्याच एका गावाहून आपले पूर्वज तंजावरला आले, ही पाटीची ठाम समजूत. पुरावा म्हणाल तर आडनाव. याहून कमी पुराव्यावर लोक निवडणुका लढवतात. राघोत्तमचंही तिकीट काढलेलं होतं. आयत्या वेळी त्यानं फॅक्टरीत इन्स्पेक्शन आहे असं सांगितलं. इन्स्पेक्शन नव्हतं, भीती होती. एकदा पुण्याहून आलेल्या साहेबांपुढे तो हौसेनं आपलं तंजावरी मराठी बोलला, तर साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी राघोत्तमनंच आणून दिलं. स्टोअरचा क्लार्क तो. तेव्हापासून त्यानं आपलं मराठी घराबाहेर इश्यू केलं नव्हतं.

आता करणं भाग होतं. मुक्कामाच्या घराचा नंबर तो तासभर लावत होता. कधी लागेना, कधी लागून तुटे. अलमेलू देवापुढून उठेना. अखेर पलीकडून कुणी बोललं.

"हॅलो, सईबाई बोलतेय."

"मी चेन्नईहून... पाटी... पाटी मिळाली की?"

"कुठली मिळतेय! पार खालच्या गावाला गेली असंल."

राघोत्तमनं देवापुढच्या अलमेलूकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

"दरवर्षी जाते हो," सईबाई म्हणाल्या. "ग्रामपंचायत गणपतीनंतर नवी लावते. तुम्हाला का तिची एवढी काळजी?"

"ती माझी आई!"

सईबाई आता जपून बोलल्या: "दादा, पाटी म्हंजे बोर्ड. धबधब्याकडं बाण दाखवणारा. तो गेला म्हणून गाडी चुकली. पोरीच्या फोनात पाणी शिरलं, तर उशीर होईल असं ड्रायव्हरला कळवाय लावलं तिनं. दोघी आत्ताच आल्यात. तुमची आई हितं ओसरीवर भाकरी खातीय."

बोर्डाला मराठीत दुसरा शब्द आहे, हे त्या घराला तीनशे वर्षांत कुणी कळवलं नव्हतं. अलमेलू रडता रडता हसू लागली. राघोत्तमला हसता येईना.

"तुम्ही मुलगा न्हवं का? मग कधी पोचताय?" सईबाईंनी विचारलं. "आजी रोज तुमचं ताट मांडायला लावतात. मुलगा मागनं येतोय म्हणतात."

मग फोनवर आई आली. "राघू? जेवलास?"

"आई, काय म्हणून सांगितलीस असं त्यांना?"

"विचारले सगळे, मुलगा नाही की म्हणून. मागून येतो म्हटलं." मग तिनं विचारलं, "येतोस?"

त्या उद्या सकाळी परत निघणार होत्या. चेन्नईहून तिथं पोचायला दीड दिवस लागतो. दोघांनाही हे ठाऊक होतं.

"नाही, आई."

"सरी, कण्णा. बरं, बाळा." मग तिचा आवाज जरा लांब गेला. "बाई, ते ताट उचला. मुलाला सुट्टी नाही मिळाली. मोठं काम आहे त्याला."

फोन बंद कसा करायचा ते तिला येत नसे. ताट उचलल्याचा आवाज आला, आणि मग नुसतं पाणी, उंचावरून पडणारं. राघोत्तम फोन कानाशी धरून बसला. अलमेलूनं उठून घरघरणारा पंखा बंद केला.