तेवीस नियमांचा कागद

मित्रांनो, संगणक कक्षाच्या दाराशी खिळ्याला लटकलेला, कडा पिवळ्या पडलेला कागद म्हणजे मी. शाळेच्या प्रोग्रामिंग स्पर्धेचे नियम माझ्या अंगावर आहेत.

जन्मलो तेव्हा माझ्यावर सुटसुटीत सहाच नियम होते. चौथा होता, 'स्पर्धकांनी एकमेकांशी बोलू नये.' तेव्हा जो तो एकेकटा लढायचा. पुढे संगणक कमी पडले, एकेका संगणकावर तिघांना बसवलं आणि अकरावा नियम आला, 'संघातील तिघांनी मिळून प्रश्न सोडवावेत.' चौथा खोडायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. नंतर एकाने प्रिंटरला लाथ मारली, एक जण उत्तर सुटल्याच्या आनंदात टेबलावर चढला. प्रत्येकाच्या नावाने समासात एकेक नियम वाढला. असे बावीस झाले. वाचायचं मात्र कुणी नाही!

यंदा पर्यवेक्षक म्हणून गणिताचे सर आले आणि घात झाला. त्यांनी मला वाचलं.

"तिघी बोललात. चौथा नियम. उठा!"

सतत पेन्सिल कुरतडणारी म्हणून जिला सगळे खारूताई म्हणतात, ती उभी राहिली. यंदा तिचं शाळेतलं शेवटचं वर्ष. पाचातले चार प्रश्न सुटलेले, पाचवा कागदावर तयार होता. टाइप केला की पहिला नंबर.

"सर, अकरावा वाचा ना! न बोलता मिळून कसं सोडवायचं?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

"मग बाकीचे गप्प बसलेत, ते अकरावा मोडतायत. त्यांनाही उठवा!"

"बरोबर आहे," सर म्हणाले, आणि त्यांनी सगळ्यांना उठवलं.

मित्रांनो, आयुष्यात प्रथमच माझं तंतोतंत पालन झालं. खोलीत एकही स्पर्धक उरला नाही.

मुख्याध्यापक धावत आले. त्यांनी मला दोनदा वाचलं, खिशातून पेन काढलं. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचा! त्यांनी तळाशी लिहिलं, '२३. चौथा व अकरावा नियम एकाच वेळी वाचू नयेत.'

सगळे परत बसले. घड्याळ मात्र थांबवलेलं नव्हतं. तसा नियमच नव्हता. खारूताईच्या चार ओळी टाइप व्हायच्या राहिल्या आणि घंटा झाली. ती तरातरा माझ्याकडे आली, चौथ्यावर पेन्सिल टेकवली.

"अगं अगं, फाटेल तो! जुना आहे," सर ओरडले.

"फाटू दे की!" ती म्हणाली. पण सरांनी तिचा हात धरला.

दुसऱ्याच दिवशी माझं लॅमिनेशन झालं. "आता कसा वर्षानुवर्षं टिकेल," म्हणून मुख्याध्यापकांनी मला कौतुकाने थोपटलं. आता माझ्यावर पेन चालत नाही, पेन्सिल तर घसरतेच. नवा नियम आला की चिकटपट्टीने वर डकवतात.

मित्रांनो, मला जपू नका. कुणाकडे कात्री आहे का, तेवढं बघा.