ताणलेले बूट

माझ्या नवऱ्याचे पाय सुजले, तेव्हा त्याने दोष चामड्याला दिला. बूट बनवणाऱ्याला दुसरं काय सुचणार? आपले बूट चावायला लागल्याबरोबर त्याने ते लाकडी फर्म्यावर चढवले, पाचर ठोकली आणि ताणून मोठे केले. एकदा नाही, दोनदा; विचारलं तर एकदाच म्हणाला. समोरच्या मशीनवर मी कातडं शिवत होते. मीही शहाणी, म्हटलं, "आखडलं असेल."

पुढे डोळे सुजले, लघवीला फेस यायला लागला, तेव्हा कुठे दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किडन्या गळतायत, रक्तातली प्रथिनं लघवीवाटे चाललीत. तपासण्यांचा निकाल ऐकायला एका सकाळी त्याला एकट्यालाच आत बोलावलं. बाहेर आला तो तोंडाला कुलूप लावूनच.

दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या मी विषय काढला. "अहो, माझी एक किडनी घ्या. माझं एकीवर भागेल."

तो दोऱ्याला मेण लावत बसला होता.

"माझी नाही जुळली तर ताई देते म्हणाली."

"अगं, थांब जरा."

"काय थांब? इथे माझा जीव टांगणीला लागलाय. उद्याच जाऊन रक्त देऊन येते."

"रक्त द्यावंच लागेल तुला," तो म्हणाला. "पण त्यासाठी नाही. किडनी बदलायची गरज नाही. पेनिसिलिनची इंजेक्शनं आहेत, त्यांनी बरं होईल म्हणाल्या."

एवढी चांगली बातमी आणि हा माणूस ती भिंतीला सांगत होता!

"मग माझं रक्त कशाला? मला काय धाड भरलीय?"

दोरा मेणाने माखला तरी तो चोळतच होता.

"मूळ रोग वेगळाच आहे. सिफिलिस. तो किडनीवर गेला. माझ्यामुळे... तुलाही झाला असेल."

जुनी माणसं त्याला गरमी म्हणायची, तेही आवाज खाली घेऊन. तो कसा लागतो, ते मला कुणी सांगायला नको होतं. या माणसासाठी मी पोट चिरून घ्यायला निघाले होते!

"आणि मी किडनी किडनी करत होते, तेव्हा गप्प का बसलास?"

"वाटलं, न सांगताच इंजेक्शनं घेऊन टाकावीत."

"आणि माझ्या अंगात राहिला असता त्याचं काय?"

"म्हणून तर सांगितलं."

"कोण होती?"

"माल पोचवायला गेलो होतो तेव्हा. एकदाच."

"एकदाच? बूटसुद्धा एकदाच ताणले म्हणाला होतास."

तो पुन्हा दोऱ्याला मेण लावायला लागला. मला माझं उत्तर मिळालं.

रोग माझ्यातही निघाला. वेळेवर कळला म्हणून माझ्या किडन्या वाचल्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इंजेक्शनं आम्ही दोघांनीही घेतली, वेगवेगळ्या बाकांवर बसून. ताईला मी एवढंच सांगितलं, की किडनी लागणार नाही. ती रडली, देवच पावला म्हणाली. मी मान डोलावली.

हळूहळू त्याची सूज उतरली. बूट पायातून निसटायला लागले, तसे त्याने ते माझ्या मशीनपाशी आणून ठेवले.

"आतून एक पट्टी शिवून देतेस?"

"गिऱ्हाइकांना काय सांगतोस तू? एकदा ताणलेलं चामडं परत पहिल्यासारखं होत नाही."

"नाही होत," तो म्हणाला.

मी बूट बाजूला सारले आणि हातातलं काम पुढे शिवायला घेतलं.