धुळीची गाठ

क्लॅरीच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा जुन्या खाणकामगारांना नवल वाटलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या हंटरच्या खोऱ्यात जन्मभर कोळसा फोडलेल्या माणसाच्या फुप्फुसात गाठी असायच्याच. प्रश्न एवढाच होता, की ही धुळीची की कर्करोगाची.

"सीटी स्कॅनमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एमआरआयमध्ये धुळीची गाठ बहुधा काळी उमटते, कर्करोगाची उजळ. काळी दिसली तर सुई घालून तुकडा काढायला नको. तुमच्या फुप्फुसांत जीव उरलेला नाही. सुईची मलाच भीती वाटते."

"काळीच असणार," क्लॅरी म्हणाला. "माझ्या आत दुसरा रंग आहे कुठे?"

त्याची बायको ग्लेनिस हसली. गाठ कळल्यापासून पहिल्यांदाच.

एमआरआयच्या खोलीबाहेर एक तरुण मुलगी प्रश्न विचारायला बसली. हृदयात यंत्र बसवलंय? नाही. अंगात कुठे धातूची पट्टी, खिळा? नाही. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?

"नाही," क्लॅरी म्हणाला, आणि त्यानं हळूच ग्लेनिसच्या पायावर पाय दाबला.

खाणीची रीतच ती. कंपनीच्या डॉक्टरानं काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं. खोकला? नाही. चक्कर? नाही. हो म्हणणाऱ्याला वर आणून हातात झाडू देत, आणि खाली उतरणारे त्याला जाता-येता 'बाईसाहेब' म्हणत. क्लॅरी केव्हाच निवृत्त झाला होता, पण ते 'नाही' त्याच्या जिभेवरून उतरलं नव्हतं.

ग्लेनिसला मात्र त्याचा कित्येक वर्षांपूर्वीचा तो रक्ताळलेला डोळा आठवत होता. खाणीच्या छतात बोल्ट ठोकताना लोखंडाची कपची उडाली होती. बारीक कण आतच राहिलाय, काढायला गेलो तर डोळा जाईल, असं तेव्हाचा डॉक्टर म्हणाला होता. आणि आत तर एवढं मोठं चुंबक.

"थांब पोरी," ती म्हणाली. "याच्या डाव्या डोळ्यात लोखंड आहे."

डोळ्याचा एक्स-रे काढला. कण जागच्या जागी होता.

"बरं झालं बोललात, आजी," ती मुलगी म्हणाली. " चुंबकानं तो हलला असता तर डोळा गेला असता."

एमआरआय रद्द झाला.

"जन्मभर गप्प बसलीस, आणि आजच कंठ फुटला?" क्लॅरी गाडीत म्हणाला.

"आंधळा झाला असतास, म्हाताऱ्या."

"एक डोळा उरला असता की. तुझं तोंड बघायला तेवढा पुरला असता."

दुसऱ्या तपासण्यांनी उलगडा झाला नाही. शेवटी सुई घालावीच लागली. सुईनं भोक पडून फुप्फुस मिटलं. हवा काढायला छातीत नळी घातली, तरी ते पुन्हा फुललं नाही. ग्लेनिस उशाशी बसून राहिली. त्यानं तिला एका शब्दानंही दोष दिला नाही. मनातून माफ केलं होतं, की बोलायला श्वास उरला नव्हता, ते तिला कळायच्या आत तो गेला.

अंत्यसंस्कारानंतर डॉक्टरीणबाईंचा फोन आला. गाठ धुळीचीच होती.

"तुम्ही योग्य तेच केलंत, ग्लेनिस. मीही तेच केलं असतं."

"हो," ग्लेनिस म्हणाली. फोन ठेवून तिनं दोघांचा चहा केला, मग एक कप मोरीत ओतला.

काही दिवसांनी आयव्हर आला, क्लॅरीचा खाणीतला जोडीदार. परसातला भोपळा टेबलावर ठेवून टोपी हातात फिरवत राहिला.

"काय आहे, बोल ना," ती म्हणाली.

"मलाही गाठ निघालीय. त्या चुंबकात घालणार म्हणतात. त्याच्यासारखाच माझ्याही डोळ्यात कण आहे, तुला ठाऊक आहे. विचारलं तर काय सांगू गं?"

ग्लेनिसनं तो भोपळा टेबलावरून उचलून ओट्यावर ठेवला.

"खरं सांग," ती म्हणाली. "पण तू सांग, आयव्हर. तुझ्या तोंडानं. बायकोला बोलायला लावू नकोस."