आठाचे सहा सेकंद

केरबा उस्ताद काम मागायला आले, तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. लातूरच्या एमआयडीसीतल्या छापखान्याच्या दारात त्यांना पाहून शिवमूर्तीला वाटलं, भांडायला आले असतील. भांडायला कारणही होतं.

नांदेडला केरबांची टी-शर्ट छापायची चार टेबलं होती. शिवमूर्ती अठराव्या वर्षी उदगीरहून त्यांच्याकडे गेला आणि अकरा वर्षं राहिला. शाई किती घट्ट घ्यायची, दुसरा रंग पहिल्याच्या काठावर केसभरही न चढवता कसा बसवायचा, सगळं त्यांनीच हाताला धरून शिकवलं. मग लातूरच्या संगमेश्वर शेठनं आठ रंगांची ऑटोमॅटिक मशीन आणली. ती चालवायला जाणता माणूस हवा होता, म्हणून शिवमूर्ती गेला. पण नुसता गेला नाही. माहूरच्या यात्रेतल्या स्वयंसेवकांचे टी-शर्ट दरवर्षी केरबांकडे यायचे. ते काम कोण देतो, कधी देतो, केरबा भाव काय लावतात, हे सगळं त्याला पाठ होतं. ते त्यानं शेठला सांगून टाकलं. पुढच्या वर्षी माहूरचं काम लातूरला छापलं गेलं. मागोमाग कबड्डीचे संघ आले, गणेश मंडळं आली. तीन वर्षांत केरबांची टेबलं भंगारात गेली.

यातलं अवाक्षर केरबांनी काढलं नाही.

"हाताला काम पाह्यजे, शिवमूर्ती," एवढंच म्हणाले. "घरी बसून बसून बोटं आखडून राह्यलीत."

शिवमूर्तीनं त्यांना मशीनच्या तोंडाशी उभं केलं. या गोल मशीनला चहूबाजूंनी पाट असतात. समोर आलेल्या पाटावर कोरा शर्ट चढवायचा. मशीन एक घर पुढं सरकते, वरच्या स्क्रीन, म्हणजे नक्षीच्या जाळ्या, खाली येऊन एकेक रंग मारतात, आणि फेरी पुरी झाली की शेजारी उभी असलेली मल्लम्मा छापलेला शर्ट उतरवून शाई सुकवायच्या भट्टीच्या पट्ट्यावर सोडते. प्रत्येक पाटाला आठ सेकंद मिळतात.

केरबांना आठ सेकंद पुरेनात. वय बासष्ट, आणि सवय जुनी. गळ्याची शिवण मधोमध आली का बघायची, छातीवरून एकदा तळहात फिरवायचा, मगच हात काढायचा. जरा तिरकं वाटलं की ते पायाखालचं पेडल दाबायचे, म्हणजे तो शर्ट न छापता कोराच फिरून परत यायचा. त्यांच्या हातून एकही शर्ट वाया गेला नाही, पण दिवसाचा आकडा कमी भरू लागला. तशात एका कोचिंग क्लासची चार हजार टी-शर्टांची ऑर्डर आली. शेठ मशीनच्या पॅनलवरचा छपाईचा आकडा बघून गेले आणि शिवमूर्तीला बाजूला घेऊन म्हणाले, माणूस तुम्ही आणलेला हाय, तुम्हीच सांगा, उद्यापासून नको.

त्या संध्याकाळी शिवमूर्तीनं शब्द जुळवून पाहिले. उस्तादांपुढं उभं राहून 'येऊ नका' म्हणायचं त्याला जमेना. सकाळी मात्र सोपी वाट सुचली. केरबा यायच्या आधी त्यानं पॅनलवर आठाचे सहा सेकंद केले आणि पेडल बंद करून टाकलं. झेपणार नाही, आपणहून जातील, आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही.

केरबा आले, कामाला लागले आणि दोन मिनिटांत धावू लागले. शर्ट पाटावर बसतो न बसतो तोच पाट निघून जायचा. छाप एका शर्टाच्या खांद्यावर चढला, दुसऱ्याच्या काखेत गेला. त्यांनी पेडल दाबलं, काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मशीन वाकड्या शर्टांवर रंग मारत राहिली. मल्लम्मा खराब माल बाजूला टाकत होती आणि दर वेळी शिवमूर्तीकडं बघत होती. तो पॅनलवरून नजर काढत नव्हता. शेवटी हात शर्टाच्या आत असतानाच पाट सरकला आणि त्याच्याबरोबर केरबा दोन पावलं ओढले गेले. तेव्हा कुठं शिवमूर्तीनं लाल बटन दाबलं.

केरबा पॅनलपाशी आले. खिशातून चष्मा काढून त्यांनी आकडा वाचला.

"काल आठ हुतं."

"शेठला ऑर्डर लवकर पाह्यजे, उस्ताद."

"पेडल बी शेठनंच बंद केलं?"

शिवमूर्ती पॅनलची काच बाहीनं पुसू लागला.

"माहूरचं काम तू नेलंस. मी म्हणलं, पोटासाठी नेलं असंल," केरबा हळूच म्हणाले. "पण आज तू मला चार लोकांत पळवलंस. जा म्हणला असतास तर गेलो असतो की."

शर्ट सरकू नये म्हणून पाटांना लावलेला गोंद त्यांच्या हाताला चिकटला होता. तो त्यांनी चिंधीनं पुसला, चपला घातल्या आणि गेले. फाटकापर्यंत सोबत जायचं धाडस शिवमूर्तीला झालं नाही.

मशीन थांबवून चालणार नव्हतं, म्हणून शर्ट चढवायला तो स्वतःच उभा राहिला. त्याआधी सहाचे परत आठ करायला त्याचा हात पॅनलकडं गेलाही होता. पण मल्लम्मा बघत होती. आता आठ केले, तर सकाळी सहा कशासाठी केले होते हे उघडच झालं असतं. त्यानं हात मागं घेतला. दुपारपर्यंत तो सहावरच चढवत राहिला, आणि शेठ आले तेव्हा तासाचा आकडा सहाशेला टेकला होता.

"सहावर चालतंय की," शेठ खूश होऊन म्हणाले. "मग इतके दिवस आठावर कशाला चालवलं?"

रोज हे माणसांना झेपणार नाही, असं शिवमूर्तीनं सांगून पाहिलं. तुम्हाला झेपलं ना, म्हणाले शेठ. त्या दिवसापासून मशीन सहावरच राहिली. शर्ट चढवायला ठेवलेला माणूस महिनाभरही टिकेना. मल्लम्मानं दोन महिने काढले, मग तिचा उजवा खांदा वर जाईनासा झाला. काम सोडताना ती सगळ्यांशी बोलली, त्याच्याशी नाही.

उन्हाळ्यात नांदेडला माल पोचवून झाल्यावर शिवमूर्ती वाट वाकडी करून उमरीला गेला. केरबा तिथं जावयाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात, असं कळलं होतं. ते कुणाच्या तरी रेशनकार्डाला लॅमिनेशन करत होते. शिवमूर्ती खाली वाकला. केरबांनी पाय मागं घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

"बसा," ते म्हणाले. "उन्हाचं आलात. च्या घेणार ना?"

इतक्या वर्षांत त्यांनी त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"उस्ताद, त्या दिवशी माझं चुकलं."

"तुमचं काम हाय ते. तुम्हाला करावंच लागतंय," केरबा म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं हात करून त्यांनी कागद मागितले.

चहा आला. शिवमूर्तीनं तो उभ्या उभ्याच संपवला. आणखी काही बोलावं म्हणून तो थोडा वेळ थांबला. पण दुकानात गर्दी होती, आणि केरबांनी मान वर केली नाही.