पान्याशिवाय बसणारा नट

मित्रांनो, मी नळाचा नट. पितळेचा, चार बोटं लांब, खालच्या टोकाला दोन आखूड कान असलेला. आता वय झालं माझं, अंगावर हिरवट डाग पडले आहेत. नागपुरातल्या एका दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या बेसिनखाली मी राहतो. हात धुणाऱ्याला नळ दिसतो, मी दिसत नाही. नळ न हलता उभा राहिला की माझं काम झालं.

माझ्या आधी माझे दोन भाऊ होऊन गेले. दोघेही फसले. त्यांनाच वितळवून मला ओतलं, म्हणून त्यांची हकीकतही मी माझीच समजून सांगतो.

ही गोष्ट १९७४ सालची. देवाजी मेश्राम या दवाखान्याचा नळफिटर होता. तेरा वर्षांत कुठल्या भिंतीत कुठली नळी वळते हे त्याला पाठ झालं होतं. त्या उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी साफ करून उतरताना शिडी सरकली आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मनगट पहिल्यासारखं फिरेना. भाकरी मोडता यायची, पाना फिरवता यायचा नाही.

नळ कसा बसतो ते आधी सांगतो. बेसिनला एक भोक असतं. नळाची, स्क्रूसारखे आटे पाडलेली दांडी त्या भोकातून खाली सोडायची आणि खालून नट चढवून आवळायचा. ऐकायला सोपं आहे. पण बेसिनचं पोट आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक मूठ मावेल एवढीच जागा. फिटरने फरशीवर उताणं पडायचं, हात वर घालायचा, पाना इवलासा फिरवायचा, तो भिंतीला अडला की काढायचा, पुन्हा लावायचा. एका नळाला दीड तास लागे. तेवढा वेळ वॉर्डाचं पाणी बंद.

त्या वर्षी वॉर्डातले बत्तीस नळ बदलायचे होते. पाणी बंद झालं की खालच्या हौदावरून बादल्या वर न्यायचं काम वॉर्डात नोकरी करणाऱ्या आयांच्या माथी येई. त्या आयांमध्ये देवाजीची बायको प्रेमिलाही होती.

दवाखान्याची बांधकामं आणि दुरुस्त्या पाहणारे ओव्हरसियर गोपाळराव मनाने वाईट नव्हते. त्यांनी देवाजीला बोलावलं.

"देवाजी, तुम्ही आता गेटवर बसा. खुर्ची देतो. तिथं मनगटाचं काम नाही."

"साहेब, मले खुर्ची नको," देवाजी म्हणाला. "मले पाना फिरवता येत नाही, नळ बसवता येते."

"पान्याशिवाय नळ बसते का कुठं?"

"बसवून दाखवतो. महिनाभर थांबा."

गोपाळराव थांबले. देवाजीने कामाला सुरुवात केली ती डाव्या हाताने. नट वर अवघड जागेत असतो, म्हणून हात तिथे न्यावा लागतो. मग नटच खाली हाताजवळ का येऊ नये, असा त्याचा साधा विचार होता. त्याने नटाचा नमुना म्हणून सागाच्या लाकडाची लांब पोकळ नळी कोरली. वरच्या टोकाला आत आटे, खालच्या टोकाला धरायला दोन कान. पाणी आणणारी बारीक नळी नळाच्या दांडीत आधीच, टेबलावर बसवून घ्यायची आणि नट तिच्यावरून वर सरकवायचा. म्हणजे बेसिनखाली एकच काम उरतं, कान धरून फिरवायचं. लाकूड तासताना डाव्या हाताचं बोट त्याने दोनदा कापून घेतलं.

तो नमुना घेऊन तो कळमेश्वरला शालिकरामकडे गेला. शालिकरामचा पितळ ओतायचा छोटा कारखाना होता.

"हे काय आणलं गा?" शालिकरामने विचारलं.

"नट आहे. एक ओतून दे."

"एवढा लांब नट मी जन्मात पाहिला नाही."

"मीही नाही पाहिला. म्हणून तर तुह्याकडे आलो."

तो माझा थोरला भाऊ. त्याचे कान फार बारीक होते. पहिल्याच बेसिनखाली जोर लावताच एक कान तुटून देवाजीच्या छातीवर पडला. मग मधला आला. त्याचे कान जाड आणि चांगले बोटभर लांब. तो असा काही आवळला गेला की वर चिनी मातीचा कडकन आवाज झाला. नवं कोरं बेसिन भोकापासून काठापर्यंत तडकलं होतं.

गोपाळरावांनी तडा पाहिला आणि म्हणाले, "पुरे झालं, देवाजी. उद्यापासून गेट."

देवाजीने पितळेचा तो नट खिशात घातला. मग आपला जुना पाना आणि साधा नट त्याने साहेबांपुढे धरला.

"उद्या गेटवर बसतो. पण आज एकदा तुम्ही या बेसिनखाली झोपून पाहा, साहेब. एक नट लावा. मग जे म्हणाल ते."

वॉर्डातल्या बाया पाहत होत्या. गोपाळराव क्षणभर घुटमळले, मग चष्मा काढून त्यांनी प्रेमिलाच्या हाती दिला आणि पांढऱ्या कपड्यांनिशी फरशीवर उताणे झाले. पाना दोनदा हातातून सुटला. एकदा तो कपाळावर आला. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले तेव्हा बोटांची सालं निघाली होती आणि नट एकाच आट्यावर वाकडा लटकत होता.

त्यांनी कपडे झटकले, चष्मा घातला. "आणखी एक करून आणा," एवढंच ते म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी देवाजी दोन्ही भावांना समोर ठेवून बसला होता. प्रेमिलाने मोठ्या कानांचा नट उचलला, फिरवून पाहिला.

"तुम्ही हाताचा जोर वाढवून राहिले," ती म्हणाली. "पण बेसिनच्या भांड्याले किती जोर सोसते, ते काहून नाही पाहत?"

"ढिल्ला राहिला तर नळ डुगडुगंल नं वं."

"मंग खाली मऊ काही ठेवा. अन् कान आखूड करा. माणसानं ठरवलं तरी जास्त जोर लागला नाही पाहिजे."

देवाजीने तिच्याकडून नट घेऊन त्याचे कान बोटांत धरून पाहिले. पान्याच्या दांड्याने माणूस हवा तेवढा जोर लावू शकतो. आखूड कानांवर मात्र बोटांचा जोर लागेल तेवढाच, आणि तेवढाच पुरेसा असतो. दुसऱ्या दिवशी प्रेमिलाने दवाखान्याने टाकून दिलेली, शेकायची फाटकी रबरी पिशवी मागून आणली. तिच्यातून त्यांनी बेसिन आणि नट यांच्यामध्ये ठेवायला रुंद गोल वायसर कापले.

मग कळमेश्वरच्या भट्टीत दोघे भाऊ विरघळले आणि साच्यातून मी बाहेर आलो.

सोमवारी सकाळी देवाजी मला घेऊन खिडकीजवळच्या या बेसिनखाली आडवा झाला. उजवा हात त्याने छातीवरच ठेवला. डाव्या हाताने मला वर सरकवलं, माझे कान धरले आणि फिरवलं. आटे धरले. रबर दबलं. बोटांनी जेवढं जमलं तेवढं आवळून तो थांबला. गोपाळराव घड्याळ धरून उभे होते. सहा मिनिटं झाली होती.

प्रेमिलाने पाणी सोडलं. देवाजी उठला नाही. त्याने तळवा माझ्याखाली धरला. थोड्या वेळाने एक थेंब पडला. त्याने मला अर्धा फेरा आणखी दिला आणि पुन्हा तळवा धरला. वॉर्डातलं एक तान्हं रडून शांत झालं, तरी तो हात तसाच होता. हात कोरडा राहिला, तेव्हाच तो बाहेर आला.

"बाकीचे एकतीस ओतून आणतो," तो म्हणाला. बेसिन फुटलं नव्हतं. नळ हलत नव्हता. गोपाळरावांनी मान हलवली. त्यानंतर गेटच्या खुर्चीचा विषय कुणी काढला नाही.

बाकीचे नळ त्याने चार दिवसांत बसवले. वॉर्डात बादल्या चढवाव्या लागल्या नाहीत.

पण सगळेच खूश झाले असं समजू नका. शहरातला एक जुना फिटर, रुपराव, मला पाहायला आला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "देवाजी, हातानं बसणारा नट करून तू आपलीच कला बुडवून राहिला. उद्या कोणीही नळ बसवंल. मंग आपल्याले कोण बोलावंल?"

"कला नट आवळण्यात नाही गा," देवाजी म्हणाला. "नळ गळू नये, हे आपलं काम. अन् ज्या बाईचं बाळ दोन तासांचं आहे, तिनं पाण्यासाठी काहून थांबावं?"

रुपरावने माझ्या कानावरून एकदा बोट फिरवलं आणि तो निघून गेला. त्याला ते पटलं की नाही, मला कळलं नाही.

पुढे शालिकरामने माझ्यासारखे शेकडो नट ओतले. नागपूरच्या सदर भागातल्या दुकानांतून ते विकले गेले. दुकानदार मला 'कानवाला' म्हणायचे. देवाजीचं नाव कुठेच आलं नाही. एकदा प्रेमिलाने ते बोलून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "नाव लिहायले नटावर जागा कुठं आहे?" आणि पुन्हा तो गळक्या टाकीचा पाणी रोखणारा बोंडा उघडून बसला. अजून बरंच काही सोपं करायचं बाकी होतं त्याला.

देवाजी ८३ साली निवृत्त झाला. त्याच्यानंतर माझ्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. माझं रबर एकदाही बदललेलं नाही. मध्यंतरी कुणीतरी घाईने माझ्यावर पाइपपाना चालवला, त्याचे ओरखडे एका कानावर आहेत. मला कान का दिले, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

म्हणून, मित्रांनो, एक मागणं आहे. वर्षातून एकदा बेसिनखाली वाकून पाहा. ओल दिसली तर रबर बदला. मला हातानेच फिरवा, माझ्यावर हत्यार चालवू नका. आणि मोठेपणी तुम्ही काही बनवाल, तेव्हा कागदावर रेघ ओढण्याआधी, ती वस्तू ज्याला बसवायची आहे त्याच्या जागी जाऊन उताणे पडा. कपडे मळतील, बोटांची सालं निघतील. तिथून जे दिसतं, ते उभ्याने दिसत नाही.