पिवळे टोपडे

हेल्मेटवर चढवायच्या कापडी खोळीला मोटारसायकल शर्यतींच्या त्या ट्रॅकवर सगळे टोपडे म्हणत. एका शर्यतीत चार स्वार, म्हणून टोपडी चार रंगांची: तांबडे, निळे, पांढरे आणि पिवळे. असे दोन संच आळीपाळीने वापरात असत. उडणाऱ्या मातीत कोण कुठे आहे, हे पंचांना त्या रंगांवरूनच कळे. टोपडी शिवणे, धुणे आणि शर्यतीआधी ज्याच्या वाट्याला जो रंग आला असेल तो त्याच्या डोक्यावर चढवून देणे हे काम मावशींचे होते. स्वारांचे जाड सूटही त्याच दुरुस्त करीत. तशा त्या एकट्या बारक्याच्या सख्ख्या मावशी. बाकीच्यांनी ते नाते फुकटात लावून घेतले होते.

त्या दिवशी पिवळ्या टोपड्याला कपाळाच्या शिवणीलगत नखाएवढी फट होती. मावशींनीच ती ठेवली होती, कडा आत दुमडून, सहज कोणाच्या नजरेत भरणार नाही अशी.

त्यामागे बारक्याची अडचण होती. मागच्या खेपेस वळणावर गेंडा त्याच्या अंगावर आला होता. गेंडा हे त्या स्वाराचे टोपणनाव, आणि ते ठेवणाऱ्याने फार विचार केला नसावा. पडला गेंडाच, पण ठपका बारक्यावर आला. पुन्हा असे घडले तर उरलेला हंगाम घरी बसावे लागेल, अशी ताकीद पंचांनी दिली. बारक्याने बाइकवर कॅमेरा लावण्याची परवानगी मागितली. पुढच्या हंगामात पाहू, असे उत्तर मिळाले. मग त्याने अंगठ्याएवढा कॅमेरा आणला आणि तो तपासणीनंतर हेल्मेटला चिकटवून टोपड्याखाली झाकायचे ठरवले; फट होती ती कॅमेऱ्याला बाहेरचे दिसावे म्हणून. हेल्मेटला काहीही चिकटवायचे नाही हा नियम मावशींना ठाऊक होता, पण कचेरीत बसलेल्यांना काही काम हवे म्हणून असे नियम निघतात, अशी त्यांची समजूत होती. शिवाय भाच्यावरचा अन्याय त्यांनाही सलत होता.

ही समजूत सकाळच्या तपासणीत ढासळली. तपासनीसांना सगळे भिंग म्हणत. ते प्रत्येक हेल्मेटवरून उघडा तळवा फिरवीत होते. एका नव्या स्वाराने हौसेने आपल्या हेल्मेटवर प्लास्टिकचा तुरा बसवला होता. भिंग त्याच्यावर रागावले नाहीत.

"हेल्मेट गुळगुळीत का करतात? पडल्यावर घसरावं म्हणून," ते म्हणाले. "वर टणक काही असलं की ते मातीत रुततं. डोकं तिथंच थांबतं आणि अंग पुढं जातं. मधे मान असते."

तो स्वार नखांनी तुरा खरवडू लागला. शेजारच्या टेबलावर मावशींच्या सुईतला दोरा निसटला तो पुन्हा ओवता येईना.

सूटच्या खिशात कोणी किल्ली विसरला की मावशी त्याला भर लोकांत झाडत. किल्लीवर पडलेल्या एका स्वाराच्या कमरेवर तिचे दाते उमटलेले त्यांनी पाहिले होते. अंगावर टणक काही खपवून न घेणारी बाई डोक्यावर मात्र खपवून घेत होती, आणि तेही सख्ख्या भाच्याच्या. डोके आपल्या खात्यात येत नाही असे त्या मनाशी धरून चालल्या होत्या.

भिंगांना सांगावे, तर कॅमेरा सापडेल आणि बारक्याचा हंगाम त्यांच्याच तोंडून जाईल. न सांगावे, तर तासाभराने पाचवी शर्यत होती. तीत बारक्याला पिवळा रंग आला होता आणि गेंडाही त्याच शर्यतीत होता. मावशींनी बारक्याला गाठून समजावून पाहिले. तो साखळीला तेल देत हसला. मावशीने सुई धरावी, आपण हँडल धरतो, असे म्हणाला. आणि पुरावा नसेल तर आपल्यावर कोण विश्वास ठेवील, असेही विचारले.

चौथी शर्यत दुसऱ्या संचावर चालू असताना त्यांनी फट शिवून टाकली. दोरा दाताने तोडताना त्यांच्या ध्यानात आले, की हे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. कॅमेऱ्याचे डोळे बांधले गेले, टणकपणा जिथल्या तिथे.

पाचव्या शर्यतीचा दोन मिनिटांचा दिवा लागला. तो विझेपर्यंत सुरुवातीच्या रेषेवर न पोचणारा त्या एका शर्यतीतून बाद होई. तांबडे, निळे, पांढरे गेले. बारक्याने इंजिन धडधडत ठेवून मान खाली केली. मावशींनी दोन्ही तळवे हेल्मेटवर ठेवले. कपाळावर उंचवटा हाताला लागला.

"काढ ते."

"मावशी, चढव लवकर."

"आधी काढ. तोवर टोपडं माझ्या हातात."

टोपड्याशिवाय त्याला रेषेवर कोणी उभे करणार नव्हते. पलीकडे भिंगांनी मान वर केली. मावशी सरकून त्यांच्या नजरेच्या आड आल्या.

"तू त्यांना सांगणार?" बारक्याचा आवाज काचेआड घुसमटला.

"सांगायचं असतं तर सकाळीच सांगितलं असतं."

"आणि गेंडा अंगावर आला तर? ठपका माझ्यावरच येणार."

"येऊ दे. ठपका आला तर ते तुझ्या आईला सांगायला मला तोंड आहे. दुसरं काही झालं तर नाही."

बारक्याने हातमोजा काढून उंचवट्याला नखे लावली. चिकटपट्टी हलेना. मावशींनी सूट शिवायचा मेणाचा दोरा दोन्ही हातांना गुंडाळला, कॅमेऱ्याखाली घातला आणि करवतीसारखा ओढू लागल्या. दोरा बोटांत रुतला. दिवा अजून लाल होता. त्यांनी त्याकडे पुन्हा पाहिले नाही. कॅमेरा सुटून तळहातात पडला. तो त्यांनी एप्रनच्या खिशात टाकला, टोपडे चढवले आणि बारक्याच्या पाठीवर थाप मारली. दिवा विझायला आणि तो रेषेवर पोचायला गाठ पडली.

रेषेवर ताणलेली फीत वर उडाली. ब्रेक नसलेल्या चार बाइक एकदम डावीकडे कलल्या. पहिली फेरी पार पडली. मावशी कठडा धरून फक्त पिवळ्या ठिपक्यावर नजर ठेवून होत्या. दुसऱ्या फेरीत, त्याच वळणावर, गेंड्याचे तांबडे टोपडे आत घुसले. चाकाला चाक लागले. बारक्या बाइकवरून उडाला, खांद्यावर आपटला आणि मातीत घसरत गेला. मनगटाला बांधलेली, इंजिन बंद करणारी दोरी सुटून त्याची बाइक जागीच बंद पडली. गेंडाही कोसळला होता.

मावशींनी कठडा सोडला तो पिवळे टोपडे मातीतून वर आले तेव्हा. बारक्या उठला, स्वतःच्या पायांवर. त्याच वेळी कर्ण्यातून पंचांचा निर्णय आला: अपघातास पिवळा जबाबदार, पिवळा बाद.

तो चालत आला. त्याने हेल्मेट काढून मावशींच्या टेबलावर ठेवले. टोपड्यावर उडालेल्या मातीचे शिंतोडे होते. घासल्याची मात्र एक खूणही नव्हती.

"बघितलंस? डोकं टेकलंसुद्धा नाही," तो म्हणाला. "सगळं त्यात दिसलं असतं."

मावशींनी टोपड्याकडे पाहिले. तो म्हणत होता ते खरे होते. कॅमेरा एप्रनच्या खिशात जड लागत होता.

"मान वळव," त्या म्हणाल्या.

"मावशी, माझा हंगाम गेला."

"माहीत आहे. वळव."

त्याने रागारागाने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, पार खांद्यापर्यंत.

"दुखतं?"

"नाही."

"पुन्हा वळव," मावशी म्हणाल्या.