नऊ मोहोळं

अंबाजोगाईत मेडिकलच्या 'नीट' परीक्षेचा क्लास चालवणाऱ्या उत्तरेश्वर सरांनी बारा वर्षांत नाना तऱ्हेची पोरं पाहिली होती, पण शिवकन्येसारखी हट्टी एकही नाही. बायोलॉजी तोंडपाठ, केमिस्ट्री चोख. फक्त प्रश्न सोडून पुढं जाणं तिला जमत नसे. उत्तर येत नसलं तरी ती उत्तरपत्रिकेतला एखादा गोल ठासून काळा करायचीच, आणि चुकलेल्या प्रत्येक गोलामागं एक मार्क कापला जायचा. गेल्या वर्षी तिचं मेडिकल अकरा मार्कांनी हुकलं. चुकलेले गोल होते एकोणतीस! यंदाचा प्रयत्न शेवटचा, असं घरात ठरलं होतं. तरी परवाच्या सराव परीक्षेत पुन्हा सव्वीस चुका.

"सोडून दे, सोडून दे, सांगून माझा घसा बसला," सर वैतागले.

"सर, मोकळं दिसलं की हात थांबतच न्हाई."

शेवटी सरांनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. आश्रुबा ऊसतोडीवरून नुकतेच गावी परतले होते. तक्रार ऐकून त्यांची छाती फुगली.

"मीच शिकवलंय की, सर! फडातल्या आपल्या वाट्याच्या पट्टीत, आपल्या पातीत, एक ऊस बी उभा ठिवायचा न्हाई."

सरांनी कपाळावर हात मारला. रोगाचं मूळच समोर बसून हसत होतं. "आश्रुबा, अहो, याच शिकवणीपायी पोरीची डॉक्टरकी जाईल."

आश्रुबांचं हसू मावळलं. टोपी काढून ते बराच वेळ डोकं खाजवत राहिले. मग म्हणाले, "शिवे, ते मोहोळ ध्यानात हाय का?"

शिवकन्या फसकन हसली. "सर, मी सात वर्साची व्हते. आबासंगं फडात गेलते. उसाच्या बेटात आग्या मोहोळ लागलं व्हतं. समदे म्हनले, ऱ्हाऊ द्या. आबा म्हनले, सोडनार न्हाई. मंग काय, तोंड घागरीएवढं! आईला बी वळखू येईनात."

"आन पात?" आश्रुबांनी दरडावून विचारलं.

"अर्धीच ऱ्हायली."

"ते एक बेट सोडलं असतं तर समदी झाली असती. जो सवाल येत न्हाई, ते मोहोळ समज. त्याला कोयता लावायचा न्हाई."

शिवकन्या हसायची थांबली. वर्षभर आकडेमोड करून जे सरांना जमलं नव्हतं, ते एका सुजलेल्या तोंडानं करून टाकलं. सरांना थोडा हेवा वाटला आणि आश्रुबांना मिठी मारावीशीही वाटली.

परीक्षा बीडला होती. पाच वाजून गेले तशी केंद्राच्या फाटकावर आईबापांची झुंबड उडाली. जो तो आपल्या लेकराला विचारत होता, "किती सोडवले?" शिवकन्या आली ती सरांना ओलांडून थेट बापाकडं गेली.

"आबा, नऊ मोहोळं व्हती."

"आन?"

"एकाला बी हात लावला न्हाई."

आश्रुबांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. निकालाला अजून महिना आहे, असं सर म्हणेपर्यंत त्यांनी अनोळखी माणसांच्याही हातावर पेढे ठेवायला सुरुवात केली होती.

"कशाचे पेढे?" एका गृहस्थानं विचारलं.

"पोरीनं नऊ सवाल कोरे ठिवले!"

गृहस्थ हातातला पेढा न खाता शेजारी उभ्या सरांकडं बघू लागला. सरांनी पुड्यातून आणखी एक पेढा उचलून त्याच्या हातावर ठेवला.

"खा हो," ते म्हणाले, "माझीच विद्यार्थिनी आहे."